मुष्टियुद्ध आणि मेंदू : विद्यार्थ्याने करावयाचा विचार

दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील एका बंदिस्त क्रीडागृहाला खाशाबा दादासाहेब जाधव यांचे नाव देण्यात आले आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे हे मल्ल १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. २०१८ आणि २०२३ या वर्षी जागतिक महिला मुष्टियुद्ध स्पर्धा याच क्रीडागृहात भरल्या. पहिल्या वेळी मेरी कोम यांनी आपले सहावे जागतिक सुवर्णपदक येथे मिळवले. दुसऱ्या वेळी भारतीय मुलींनी चार सुवर्णपदके जिंकली, आणि त्यांपैकी एक, नीतू घंघस, ही भिवानी जिल्ह्यातली होती. एका पहिलवानाचे नाव असलेल्या छताखाली मुष्टियोद्ध्यांनी लढावे यात कोणालाही विसंगती वाटली नाही. लोकांच्या मनात हे सारे खेळ एकाच घराण्यातले असतात : दोन माणसे समोरासमोर येतात, बळ आणि चपळाई पणाला लागते, एक जिंकतो.

मेंदूच्या दृष्टीने मात्र हे एक घराणे नव्हे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करावयाचे असते. ठोसा मारणे तेथे निषिद्ध आहे. डोके गादीवर आपटते, दोघांची कपाळे एकमेकांवर आदळतात, पहिलवानाचे कान चुरगळून कायमचे जाड होतात, आणि कधी कधी मेंदूलाही हादरा बसतो. पण तो अपघात असतो. मुष्टियुद्धात डोके हे नियमाने मान्य केलेले लक्ष्य आहे. प्रतिस्पर्ध्याचे भान हरपेल असा ठोसा डोक्यावर मारणे हा तेथे अपघात नसून यश आहे. जो विद्यार्थी ‘एखादा लढतीचा खेळ’ शिकावयाचा म्हणून घराबाहेर पडतो त्याने, आणि त्याच्या आईवडिलांनी, हा भेद प्रथम लक्षात घेणे इष्ट ठरते.

दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या राजधानी क्षेत्रात असा विद्यार्थी आज दोन वाटांनी येतो. एक वाट भिवानी-रोहतककडची. भिवानी जिल्हा २०१३ पासून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळवणारे हवा सिंग हे तेथील. २००८ साली बीजिंगमध्ये कांस्यपदक जिंकणारे विजेंदर सिंग हेही तेथील आणि जगदीश सिंग यांच्या भिवानी बॉक्सिंग क्लबात घडलेले. या भागातल्या शेतकऱ्याच्या किंवा बसचालकाच्या मुलाला मुष्टियुद्ध म्हणजे पोलीस, रेल्वे, सेना यांतील नोकरीचा दरवाजा असतो. दुसरी वाट शहरातली. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत खेळाडूंसाठी वेगळ्या जागा असतात, त्यांसाठी प्रमाणपत्रे लागतात. शिवाय गुरुग्राम, नोएडा आणि दक्षिण दिल्लीतील व्यायामशाळांतून मुष्टियुद्ध, किकबॉक्सिंग, थाई पद्धतीचे मुष्टियुद्ध, तायक्वांदो आणि मिश्र द्वंद्व यांचे वर्ग चालतात. तेथे येणाऱ्या मुलामुलींना नोकरी नको असते. अंगात जोर यावा, रात्री उशिरा मेट्रोतून परतताना भीती वाटू नये, अभ्यासाचा ताण उतरावा, एवढेच हवे असते. या दोघांना धोका एकाच प्रकारचा आहे, परंतु त्याच्या बदल्यात मिळणारी वस्तू एक नव्हे. म्हणूनच ‘हा खेळ सुरक्षित आहे काय?’ या प्रश्नाला दोघांसाठी एकच उत्तर देता येत नाही.

प्रथम धोका कसला ते पाहू. प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा, घट्ट दह्यापेक्षा फारसा कठीण नसलेला अवयव आहे. तो कवटीच्या आत एका द्रवात तरंगत असतो. हा द्रव आणि भोवतीची आवरणे चालण्याधावण्याचे धक्के सहज पचवतात. ठोशाची गोष्ट वेगळी. १९८५ साली ब्रिटनमधील संशोधकांनी जागतिक क्रमवारीतल्या एका अवजड गटातील मुष्टियोद्ध्याचा ठोसा उपकरणे बसवलेल्या लक्ष्यावर मोजला. मूठ दर सेकंदाला ८.९ मीटर वेगाने येऊन आदळली. लक्ष्याला मिळालेला प्रवेग गुरुत्वाच्या ५३ पट होता. विद्यार्थ्याचा ठोसा याच्या जवळपासही जाणार नाही हे खरे, पण विद्यार्थ्याची मानही त्या मल्लाची नसते.

यात सरळ धक्क्यापेक्षा पीळ अधिक घातक असतो. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या नमुन्यांवरून दाखवले की, डोके एकाएकी फिरले म्हणजे कवटी आधी फिरते, मेंदू मागे राहतो आणि त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. मेंदूतील लांब तंतू या सरकण्याने ताणले जातात. हनुवटीला बाजूने बसणारा ठोसा डोक्याला असाच झटका देतो. मुष्टियोद्धे हनुवटी छातीशी आवळून का धरतात याचे उत्तर त्यात आहे. तंतू ताणले गेले की पेशींतील क्षारांचा तोल काही काळ बिघडतो. गोंधळणे, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, झोक जाणे, नुकतेच घडलेले न आठवणे ही त्याची चिन्हे. शुद्ध हरपलीच पाहिजे असे मुळीच नाही. बहुसंख्य हादऱ्यांत ती हरपत नाही. साध्या क्ष-किरण चित्रात किंवा सीटी तपासणीत काहीही दिसत नाही, म्हणून ‘काही झाले नाही’ असे मानण्याची चूक सर्वत्र होते. त्या तपासण्या रक्तस्राव आणि अस्थिभंग शोधण्यासाठी असतात. हादरा हा कार्यातला बिघाड असतो आणि तो विचारून, बोलते करून, चालवून पाहावा लागतो.

दुसरा धोका दुर्मीळ पण तत्काळ जिवावर बेतणारा आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरून त्याच्या जाड बाह्य आवरणाकडे जाणाऱ्या बारीक नीला झटक्याने तुटतात आणि आवरणाखाली रक्त साचू लागते. मुष्टियुद्धाच्या रिंगणातील मृत्यूंपैकी बहुतेक या कारणाने होतात. १९८२ साली लास वेगास येथे दक्षिण कोरियाचे किम डुक-कू १४ व्या फेरीत कोसळले आणि चार दिवसांनी मरण पावले. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ वर आणण्यास प्रारंभ झाला. आपल्या देशातही हे घडले आहे. २०२२ च्या जुलैत बंगळूर येथील एका किकबॉक्सिंग स्पर्धेत ठोसा बसून कोसळलेला विशीतला एक तरुण दोन दिवसांत दगावला. अशा प्रसंगी साचलेले रक्त काढण्यासाठी हाताशी असलेला वेळ तासांत मोजावा लागतो. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे जयप्रकाश नारायण आघात केंद्र आहे, आणखीही मोठी रुग्णालये आहेत. पण संध्याकाळच्या गर्दीत राजधानीच्या दुसऱ्या टोकाहून तेथे पोहोचणे किती कठीण आहे हे तेथील रहिवाशांना सांगावयास नको. स्पर्धेच्या जागी रुग्णवाहिका उभी आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच औपचारिक नव्हे.

तिसरा धोका सर्वांत संथ आणि त्यामुळे सर्वांत फसवा आहे. अमेरिकेतील न्यूअर्क येथील विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मुष्टियुद्धाच्या धंद्यातल्या लोकांना जुन्या लढवय्यांची अडखळती चाल, जड जीभ आणि मंद झालेली बुद्धी पूर्वीच ठाऊक होती. त्यांनी त्याला ‘ठोशांची नशा’ अशा अर्थाचे नावही दिले होते. मार्टलंड यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली, जिच्याकडे पुढे पुरेसे लक्ष गेले नाही. हा विकार केवळ अंगावर ठोसे घेत लढणाऱ्यांनाच जडत नव्हता. मोठ्या मल्लांच्या सरावासाठी भाड्याने ठेवलेल्या दुय्यम मुष्टियोद्ध्यांनाही जडत होता, कारण ते दिवसातून अनेकदा खाली पडत. सामन्यांची नोंद राहते, सरावाची राहत नाही. विद्यार्थ्याच्या बाबतीत धोक्याचा मोठा भाग नेमका या नोंद न राहणाऱ्या भागात असतो.

मार्टलंड यांच्यानंतर चार दशकांनी ब्रिटनमध्ये रॉबर्ट्स यांनी या प्रश्नाचा शिस्तीने माग काढला. १९२९ ते १९५५ या काळात परवाना घेतलेल्या व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांच्या यादीतून त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्या तशी २५० नावे निवडली, त्यांतील २२४ जणांना तपासले आणि ३७ जणांत, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांत, मज्जासंस्थेच्या इजेची खूण आढळली. हे संशोधन १९६९ साली प्रसिद्ध झाले. १९७३ मध्ये कॉर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ माजी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंची मरणोत्तर पाहणी केली : मेंदूच्या मध्यभागाचा नाजूक पडदा फाटलेला, हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या काळ्या द्रव्यातील पेशी नष्ट झालेल्या, आणि पेशींमध्ये गुंतलेल्या तंतूंच्या गाठी. या गाठी टाऊ नावाच्या प्रथिनाच्या असतात. आज हा विकार ओळखण्याची शास्त्रीय खूण हीच आहे : मेंदूच्या वळ्यांच्या खोलीत, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साठलेले टाऊ. ती खूण निश्चितपणे मृत्यूनंतरच पाहता येते. जिवंत माणसाला ‘तुला हा विकार झाला आहे’ किंवा ‘झालेला नाही’ असे खात्रीने सांगता येत नाही; त्यामुळे वर्षाकाठी एकदा डोक्याचे चित्र काढून घेऊन निर्धास्त होणाऱ्यांचे समाधान पोकळ असते.

येथे विद्यार्थी एक रास्त हरकत घेईल. हे सारे पोटासाठी शेकडो लढती लढलेल्या, जुन्या काळच्या व्यावसायिकांविषयी झाले. हौशी मुष्टियुद्धात तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, मोजे जाड असतात, वैद्य हजर असतो आणि पंच लवकर लढत थांबवतो. भेद खराच मोठा आहे. विजेंदर सिंग यांनी २०१५ मध्ये व्यावसायिक क्षेत्रात पाऊल टाकले आणि पुढच्याच वर्षी दिल्लीच्या त्यागराज क्रीडागृहात ते दहा फेऱ्यांची लढत लढले. नऊ मिनिटांच्या जागी तीस मिनिटे. हौशी खेळाडूंविषयीचा पुरावा निःसंशय सौम्य आहे. अमेरिकेत ४८४ हौशी मुष्टियोद्ध्यांवर दोन वर्षे पाळत ठेवून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुतेकांत कसलाही ठळक बिघाड दिसला नाही. मात्र अभ्यासापूर्वी ज्यांच्या अधिक लढती झाल्या होत्या त्यांच्यात स्मृती आणि हस्तनेत्रसमन्वय यांच्या चाचण्यांत थोडा फरक जाणवला. २००७ मध्ये उपलब्ध संशोधनांचा एकत्र आढावा घेणाऱ्या ब्रिटिश वैद्यांनी, हौशी मुष्टियुद्धाने मेंदूला कायमची इजा होते असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. त्याच वेळी बहुतेक संशोधनाचा दर्जा हलका असल्याचेही त्यांनी बजावले.

परंतु पुरावा नसणे आणि इजा नसणे या दोन गोष्टी वेगळ्या. स्वीडनमध्ये झेटरबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली १४ हौशी मुष्टियोद्ध्यांच्या पाठीच्या कण्यातील द्रव लढतीनंतर आठवड्याभराने तपासला. तुटलेल्या मज्जातंतूंतून पाझरणारी प्रथिने त्यात वाढलेली होती, आणि ज्यांच्या डोक्यावर अधिक किंवा जोरदार ठोसे बसले त्यांच्यात ती अधिक वाढली होती. तीन महिन्यांच्या विश्रांतीनंतर ती उतरली. या मुलांपैकी कोणी बेशुद्ध पडले नव्हते. वेल्समधील केअरफिली येथे हजाराहून अधिक पुरुषांवर ३५ वर्षे चाललेल्या पाहणीत, तरुणपणी हौस म्हणून मुष्टियुद्ध केलेल्यांत म्हातारपणी बुद्धिभ्रंशासारखा बिघाड सुमारे दुप्पट आढळला. अशा पाहण्यांत आठवणीवर विसंबावे लागते, आणि त्या काळचे हौशी मुष्टियुद्ध आजच्याइतके जपून खेळले जात नसे, हे ध्यानात धरले तरी हा आकडा बाजूला सारता येत नाही.

उलट दिशेने घाबरवणारे आकडेही पारखूनच घ्यावे लागतात. २०२३ मध्ये बॉस्टन येथील मेंदूसंग्रहातील १५२ तरुण खेळाडूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सारे तिशीच्या आत मरण पावलेले होते, आणि त्यांतील ६३ जणांत, म्हणजे ४१ टक्क्यांत, वर सांगितलेला विकार सापडला. वर्तमानपत्रांतून हा आकडा वाचणाऱ्याला वाटेल की, दर पाच खेळाडूंत दोघांचे असेच होते. तसा अर्थ त्यातून निघत नाही. ज्यांच्या वागण्यात काही बिघडलेले घरच्यांनी पाहिले होते त्यांचेच मेंदू बहुधा दान केले जातात, आणि ते खेळाडू मुख्यतः अमेरिकी फुटबॉलसारख्या खेळांतले होते. आकड्यातून एवढेच सिद्ध होते की, हा विकार केवळ म्हाताऱ्यांचा नाही. पण एवढेही थोडे नव्हे.

शिरस्त्राणाविषयी बराच गैरसमज आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून ते सक्तीचे झाले. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुषांच्या डोक्यावरून ते उतरवले, आणि रिओच्या २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुष मोकळ्या डोक्याने लढले. संघटनेचे म्हणणे असे की, शिरस्त्राणाशिवाय डोक्यावरच्या ठोशांमुळे थांबवाव्या लागलेल्या लढती उलट घटल्या. त्याबरोबर चेहऱ्यावरच्या जखमा वाढल्या हेही दिसले. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. मात्र भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यात नवल नाही. गादी जखम टाळते, पीळ टाळत नाही. शिवाय ती डोक्याचा आकार वाढवते, बाजूची दृष्टी अडवते आणि घालणाऱ्याला नको तेवढा धीर देते. सरावात कातडी फुटू नये म्हणून शिरस्त्राण जरूर घालावे, दातांचे संरक्षकही घालावे. पण मेंदूला चिलखत मिळाले असे समजू नये.

इतर खेळांबद्दल थोडक्यात. तायक्वांदोत डोक्यावरच्या लाथेला छातीवरच्या ठोशापेक्षा अधिक गुण असल्याने खेळाडू डोक्याकडेच वळतो, आणि लाथेचा जोर मुठीहून मोठा असतो. मिश्र द्वंद्वात पकडी असल्यामुळे उभ्याने बसणारे ठोसे कमी होतात असे म्हणतात, ते काही अंशी खरे. पण खाली पडलेल्यालाही तेथे मारता येते. टोरोंटो येथील संशोधकांनी २०१४ मध्ये व्यावसायिक लढतींची चित्रणे मोजून दाखवले की, भान घालवणारा ठोसा आणि लढत थांबणे यांमध्ये सरासरी साडेतीन सेकंद जातात, आणि तेवढ्यात हरणाऱ्याच्या डोक्यावर सरासरी आणखी २.६ प्रहार बसतात. ज्यूदोला तर सर्वजण निरुपद्रवी समजतात. जपानमधील शाळांत १९८३ नंतरच्या तीन दशकांत ज्यूदोशी संबंधित शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले, आणि त्यांत नवशिक्यांचा भरणा मोठा होता : नीट पडावयास शिकण्यापूर्वी त्यांना फेकले गेले. म्हणजे धोका खेळाच्या नावात जेवढा असतो तेवढाच शिकवणाऱ्याच्या घाईत असतो.

आता तोलून पाहण्याकडे वळू. शहरातल्या ज्या मुलीला दम, चपळाई आणि आत्मविश्वास हवा आहे तिला तो दोरीवरच्या उड्या, पिशवीवरचे ठोसे, पायांची चाल आणि प्रशिक्षकाच्या हातातील गादीवरचा सराव यांतून जवळजवळ पूर्ण मिळतो. या साऱ्यात तिच्या डोक्याला कोणी हात लावीत नाही. मुष्टियुद्ध शिकणे आणि डोक्यावर ठोसे घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीवाचून पहिली करता येते, ही बाब व्यायामशाळेच्या फलकावर कधी लिहिलेली नसते. अशा विद्यार्थिनीने हौस म्हणून जोरदार सरावझुंजी खेळण्याचे कारण शोधूनही सापडत नाही.

भिवानीच्या मुलाचे गणित निराळे आहे. त्याच्यापुढे पदक आणि नोकरी आहे. खाशाबा जाधवांनाही ऑलिंपिकनंतर पोलीस खात्यातच नोकरी मिळाली होती. अशा मुलाला ‘हा खेळ सोड’ असे दिल्लीतल्या वातानुकूलित खोलीतून सांगणे सोपे आहे, आणि काहीसे अप्रामाणिकही. त्याच्यापाशी दुसरे दार असेल तर तो स्वतःच विचार करील. तरीही त्याच्या बाजूने एवढे म्हणता येते की, पदकांकडे नेणारी लढतींची संख्या थोडी असते. सरावझुंजींची संख्या अफाट असते आणि ती कमी करता येते. आठवड्यातून एखादी मोजकी, समान वजनाच्या जोडीदाराशी, पंचाच्या नजरेखाली झालेली झुंज पुरे होते. रोज संध्याकाळी वरिष्ठ मुलांच्या हाती नवशिक्याला ‘घट्ट व्हावा’ म्हणून सोपवणे ही प्रथा जुनी असली तरी तिच्यामागे शास्त्र नाही. स्नायू मार खाऊन राठ होतात, मेंदू होत नाही. वयाबद्दलही तेच. लवकर सुरुवात करावी ती पायांच्या चालीची; डोक्यावरच्या ठोशांची जितकी उशिरा होईल तितकी बरी, कारण मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. अमेरिका आणि कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये मुलांच्या मुष्टियुद्धाला सरळ विरोधच नोंदवला आहे.

रस्त्यावर मोटारसायकल चालवणे याहून धोक्याचे आहे, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो खराही असेल. पण एक धोका दुसऱ्याला रद्द करीत नाही, त्यात भर घालतो; आणि महाविद्यालयात मोटारसायकलने जाणारा मुष्टियोद्धा दोन्ही धोके एकाच डोक्यावर वागवतो.

प्रवेश घेण्यापूर्वी प्रशिक्षकाला एक प्रश्न अवश्य विचारावा : डोक्याला मार बसून मुलगा गोंधळला तर येथे काय करतात? ‘पाणी मारतो, बसवतो, मग पुन्हा उभा राहतो’ असे उत्तर आले तर तेथून परतावे. खेळातील मेंदूच्या हादऱ्यांविषयी जगभरचे तज्ज्ञ २००१ साली व्हिएन्ना येथे प्रथम एकत्र बसले. २०२२ च्या ॲम्स्टरडॅम येथील बैठकीपर्यंत बरेच तपशील बदलले, परंतु संशय आला तरी त्या दिवशी खेळाडूने पुन्हा उतरावयाचे नाही, हा नियम दृढच होत गेला. पहिला हादरा भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर तरुण मेंदू कधी कधी झपाट्याने सुजतो आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. हे क्वचितच होते, पण त्याला बळी पडतात ते प्रामुख्याने किशोर आणि तरुण. हौशी मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने डोक्यावरच्या ठोशाने बाद झालेल्याला शुद्ध न हरपल्यास किमान ३० दिवस, मिनिटाच्या आत परतल्यास ९० दिवस आणि त्याहून अधिक काळ हरपल्यास १८० दिवस सक्तीची रजा सांगितली होती. ही रजा स्पर्धेची तशीच सरावझुंजीचीही. दोन राज्यांच्या निवडचाचण्या जवळ आल्या म्हणजे ती विसरली जाते, आणि व्यायामशाळेतल्या झुंजीत बाद झालेल्याची तर कोठेच नोंद नसते. विद्यार्थ्याने स्वतःची वही ठेवावी : तारीख, प्रतिस्पर्ध्याचे वजन, डोक्याला बसलेला मार, त्यानंतरची डोकेदुखी किती दिवस राहिली. काही वर्षांनी वैद्यापुढे बसण्याची वेळ आलीच तर या वहीइतका उपयोगी कागद दुसरा नसतो.

हादऱ्यानंतर पहिले एकदोन दिवस सापेक्ष विश्रांती घ्यावी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा जुना सल्ला आता मागे पडला आहे. नंतर चालणे, हलके धावणे, मग जोडीदाराशिवायचा सराव अशी पायरीपायरीने वाढ करावी, आणि वैद्याने मोकळीक दिल्यावाचून डोक्याला स्पर्श होईल अशा सरावात उतरू नये. यात अभ्यास खेळाच्या आधी येतो. वर्गात बसून तासभर लक्ष लागत नसेल, ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागत असेल, तर रिंगणाची वेळ झालेली नाही. सत्रपरीक्षेच्या आठवड्यात बसलेला ठोसा प्रशिक्षकाच्या हिशेबात येत नाही, विद्यार्थ्याच्या हिशेबात येतो.

राहता राहिली ती पहिली रात्र. दिल्लीत शिकणाऱ्या मुलांपैकी पुष्कळजण वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहतात, घरचे कोणी जवळ नसते. डोक्याला मार बसलेल्या मुलाने त्या रात्री एकट्याने झोपू नये, दारूला शिवू नये, दुचाकी चालवू नये आणि वैद्याला विचारल्यावाचून ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेऊ नये. खोलीतल्या सोबत्याला काय पाहावयाचे ते आधीच सांगून ठेवावे : डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा ओकारी होणे, जागे करूनही नीट जाग न येणे, बोलणे बरळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, झटके येणे, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे. यांतील एकही खूण दिसली तर सकाळची वाट न पाहता, मेंदूची शस्त्रक्रिया करण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे; आणि ते रुग्णालय कोणते, रात्री तेथे कसे पोहोचावयाचे, हे त्या मुलाने पहिल्यांदा मोजे चढवले त्या आठवड्यातच सोबत्याला दाखवून ठेवलेले असावे.